निळ्या लिलीचं वाण

माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांना कुणी हात लावला की मी अजूनही जागची उठते. परवा सूनबाई खुरपं घेऊन बसली होती. "आई, या कुंडीला तडा गेलाय, मुळं बाहेर आलीत. मोठ्या कुंडीत लावू का?" मी "नको" म्हटलं ते इतक्या जोरात, की तिच्या हातातलं खुरपं खाली पडलं. मग तिने मोबाईलवर शोधलं आणि तिला कळलं, की या आफ्रिकन लिलीला दाटीवाटीच आवडते. मुळं कुंडीला घट्ट लागली की ती फुलते आणि ऐसपैस जागा दिली की एक-दोन वर्षं नुसती पानं दाखवत बसते. "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" ती म्हणाली. माहीत होतं. पण ते आमच्या घरात कसं कळलं आणि तेव्हा माझ्या आईचं काय झालं होतं, हे भाजी निवडता निवडता सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते.

मखमलाबाद रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत आप्पांचा बंगला होता आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. वडील, म्हणजे दादा, अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचे. पहाटे त्यांची सायकल फाटकातून बाहेर पडली की तिच्या चेनचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा आणि आप्पा खिडकीतून ओरडायचे, "तेल घाला हो तिला एकदा." आप्पा वनखात्यातून निवृत्त झालेले. उंच, ताठ, आणि तोंडाने असे फटकळ, की दूधवाला पातेलं भरताना हात आखडत नसे, उलट थोडं जास्तच घाली. काकू त्यांच्या अगदी उलट. त्या हळू बोलत आणि आप्पांनी दुखावलेल्या माणसांना मागच्या दाराने लाडू देऊन परत पाठवत. अशा माणसाने जीव लावला होता तो निळ्या लिलींना. महाबळेश्वरला नोकरीत असताना त्यांनी तिथून गड्डे आणले होते. पुढच्या कंपाउंडच्या कडेने लांब वाफा होता, तिथे सकाळचं ऊन यायचं आणि दुपारी शेजारच्या आंब्याची सावली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना मातीच्या कुंड्या होत्या, त्यातल्या काही मुळांच्या जोराने तडकलेल्या. आप्पांनी त्यांना तारेने बांधून ठेवलं होतं. वर्षभर तिथे नुसती लांब हिरवी पानं असायची. उन्हाळा तापायला लागला की पानांच्या मधून दांडा वर यायचा, कमरेइतका उंच, आणि त्याच्या टोकाला निळ्या फुलांचा मोठा गेंद. झेंडू-शेवंतीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया फाटकाशी थांबायच्या. "आप्पा, हे इका ना. गंगेवर, घाटाच्या बाजारात लय जाईल." आप्पा म्हणायचे, "देवाला वास लागतो. याला वास नाही. चला पुढे." पण त्या गेल्यावर बराच वेळ ते स्वतः तिथेच उभे असायचे.

त्या लिलींना हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. काकूंनासुद्धा पूजेला फूल तोडायचं असेल तर जास्वंदीकडे जावं लागे. माझ्या आईला हे फार विचित्र वाटायचं. आई नामपूरच्या बाजूची, कांद्याच्या घरातली. तिचं लहानपण वाफ्यात बसून कांद्याचं रोप लावण्यात गेलं होतं. रोप दाटलं की ती अस्वस्थ व्हायची. आप्पांच्या तडकलेल्या कुंड्यांकडे बघून ती मला हळूच म्हणायची, "कशी गुदमरून गेली बघ बिचारी. आमच्याकडे असं रोप ठेवलं तर बाप घरात घेणार नाही." आप्पांच्या कानावर हे जाणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासमोर आई पदर डोक्यावर ओढून "हो आप्पा, नाही आप्पा" एवढंच बोलायची.

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आप्पा न्हाणीघरात पडले आणि उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. पुण्याहून त्यांचा मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. गाडीत बसता बसता काकूंनी किल्ल्या आईच्या हातात दिल्या. "सुमन, घराकडे लक्ष ठेव. आणि कुंड्यांचं तेवढं बघ." त्यांना पाणी घाल एवढंच म्हणायचं होतं. आईने ते जबाबदारी म्हणून घेतलं, आणि जबाबदारी घेतली की माझी आई ती अंगाबाहेर काम करून पार पाडायची. संक्रांतीच्या आधी तिने एके दिवशी दादांची कुदळ घेतली. मुळं कुंड्यांना इतकी चिकटली होती की कुंड्या फोडूनच गड्डे काढावे लागले. मग वाफासुद्धा उकरला. दोन दिवस ती मातीत बसली होती. पांढऱ्या, बोटाएवढ्या जाड मुळांच्या जाळ्यातून तिने एकेक रोप सोडवलं, शेणखत घातलं आणि वाफ्यात सरळ ओळीत, दोन रोपांत पुरेसं अंतर सोडून, नामपूरला लावायची तशी लागण केली. संध्याकाळी हात धुऊन ती माझ्याजवळ उभी राहिली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा खुललेला दिसला होता. "आता घेतील श्वास," ती म्हणाली.

रोपं मात्र खूप उरली. फेकून देणं तिच्या रक्तातच नव्हतं. संक्रांत झाली होती, रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू करायचंच होतं, आणि वाण म्हणून काय लुटायचं हे अजून ठरलं नव्हतं. गल्लीत कुणी वाट्या लुटायचं, कुणी गाळणी, कुणी आरसे. आईने त्या वर्षी लिली लुटल्या. एकेक रोप ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून सुतळीने बांधलं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं लावली आणि तिळगुळासोबत प्रत्येक बाईच्या ओंजळीत ठेवलं. गुळाच्या पोळ्यांचा वास, बांगड्यांचा आवाज आणि त्या बायकांचं चाललेलं, "अगं बाई, आप्पांची लिली? आमच्या दारात?" आईला त्या दिवशी गल्लीत जो मान मिळाला तो तिला आधी कधी मिळाला नव्हता. एकट्या निकमबाई नाराज होत्या. त्या बंगल्याच्या समोरच राहायच्या, त्यांच्याशी कुणाचंच फारसं जमत नसे. त्यांनी ते पोतं उलटंसुलटं करून बघितलं. "यंदा वाटी नाय का, शोभाची आई?" शोभा म्हणजे मी. " ह्या गवताचं काय करू मी?" आई हसून म्हणाली, "लावा हो बाई. फुलेल." निकमबाईंनी ते घरी नेऊन रंगाच्या एका रिकाम्या डब्यात कोंबलं आणि डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून दिला.

फाल्गुनात काकूंचा फोन आला. फोन पुढच्या खोलीत होता, आप्पांच्या घरात, आणि तो वाजला की आम्ही मागून धावत जायचो. त्या दिवशी आईने उचलला आणि मी तिच्याजवळ कान लावून उभी होते. काकूंचा आवाज थकलेला होता. आप्पांना आता थोडं बोलता येत होतं, डॉक्टर म्हणत होते की रोज चाललं पाहिजे, नाहीतर पाय कायमचा जाईल. पण आप्पा पाऊल टाकायला तयार नव्हते. मुलगा विनवतो, सून विनवते, ते भिंतीकडे तोंड करून पडतात. "एकच धरून बसलेत बघ, सुमन. म्हणतात, मला घरी न्या. लिली फुलल्या की त्या बघायला उठेन, आधी नाही. पाडव्यानंतर आणतोय त्यांना. दांडे दिसायला लागले का गं?" आई म्हणाली, "येतील काकू." काकू पुढे म्हणाल्या, "कुंड्या जागच्या हलवू नका म्हणून सांगायला लावलंय. मुळं मोकळी केली की लिली फुलत नाहीत म्हणे, दोन-दोन वर्षं. तुला हात लावायचं काही कारण नाही म्हणा, मी आपलं सांगितलं." आईने "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मग ती तिथेच फरशीवर बसली. घाबरली की ती माहेरच्या बोलीत जायची. "आते काय करू वं माय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तेव्हापासून पाडव्यापर्यंतचे दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. आई उजाडायच्या आत वाफ्याशी जायची आणि प्रत्येक रोपाची पानं दोन बोटांनी बाजूला करून मधे दांड्याचा कोंब दिसतो का बघायची. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. रोपं हिरवीगार होती, जोमात होती, आणि कोंबाचा पत्ता नव्हता. दादा म्हणाले, "फोन करून खरं सांगून टाक. उगाच आशेवर कशाला ठेवायचं?" आई म्हणाली, "आणि ते ऐकून तिथेच आडवे पडले तर? माझ्यामुळे एक माणूस अंथरुणाला खिळला म्हणून मी कसं जगू?" दादांनी आणखी एक विचारलं, "बायकांकडून परत मागून घेता येणार नाहीत?" आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. वाण परत मागत नाहीत आणि मिळालेलं वाण कुणी परत देत नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरीलाही माहीत होतं. शिवाय परत आणून लावली असती तरी फुलणार थोडीच होती? मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला सगळ्यात जास्त राग यायचा तो आप्पांचा. माणसाने आपलं चालणं एखाद्या फुलाच्या गळ्यात का बांधावं, असं मला वाटायचं. आता माझे गुडघे धरलेत आणि सकाळी उठायला काहीतरी निमित्त लागतं, तेव्हा तो राग मला आठवतो आणि माझंच हसू येतं.

आप्पा आले त्या दिवशी आईने पहाटे उठून त्यांच्यासाठी रव्याची पातळ लापशी केली होती. गाडी थांबली, मुलाने आणि ड्रायव्हरने मिळून त्यांना उचलून आत नेलं. ते इतके वाळले होते की मला ओळखू आले नाहीत. त्यांचा पलंग पुढच्या खिडकीशी लावला होता, वाफा दिसावा म्हणून. काकूंनी त्यांच्या पाठीला उशा लावल्या आणि पडदा सरकवला. आई दारात लापशीची वाटी घेऊन उभी होती, मी तिच्या मागे. आप्पांनी बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. सरळ ओळी, मधे मोकळी माती, वीतभर पानं. मग त्यांनी मान वळवली आणि जड जिभेने विचारलं, "कां…दे लावले?"

काकूंना काही कळेना. आईने वाटी खाली ठेवली. तिने पदर डोक्यावर घेतला नाही, हे माझ्या लक्षात राहिलंय. ती पलंगाजवळ गेली आणि म्हणाली, "आप्पा, मी काढल्या तुमच्या लिली. दाटल्यात असं वाटलं मला. मोकळ्या करून लावल्या आणि उरलेल्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या. यंदा त्या फुलणार नाहीत. मला ठाऊक नव्हतं, पण केलं ते माझ्याच हातांनी." आप्पांच्या तोंडातून लाळ गळत होती, काकू पुसायला गेल्या तर त्यांनी त्यांचा हात झटकला. पुण्यातल्या इतक्या महिन्यांत त्यांनी जेवढे शब्द एकत्र उच्चारले नव्हते तेवढे त्यांनी तेव्हा उच्चारले आणि अगदी स्पष्ट उच्चारले. "घर सोडा. महिन्याच्या आत." मग भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतरचे दिवस मला नको वाटतात. दादा पाळी संपवून अंबडच्या बाजूला खोल्या बघत फिरायचे. आई भांडी पोत्यात भरायला लागली, पण रोज लापशी मात्र पुढे नेऊन ठेवायची. आप्पा तिच्याकडे बघायचे नाहीत. काकू मागच्या दाराशी येऊन आईचा हात धरायच्या आणि परत जायच्या. आप्पा पलंगावरून पाय खाली सोडायला तयार नव्हते. मालिश करायला येणारा माणूस दोन दिवसांनी म्हणाला, "मनच नाय, तर पाय काय करील."

एका संध्याकाळी आई लापशी घेऊन पुढे गेली होती आणि मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. समोर निकमबाईंनी भांडी घासली आणि राखुंडीच्या पाण्याची बादली उचलून रंगाच्या डब्यात ओतली. रोजच ओतायच्या. डब्यातून पाणी भिंतीवरून खाली ओघळलं. तेवढ्यात आप्पांच्या खिडकीतून एक आवाज आला. तो शब्द नव्हता, ओरडणं होतं. निकमबाई थबकल्या. मी खिडकीकडे धावले. आत आप्पा पलंगाच्या काठावर बसले होते आणि त्यांचा डावा पाय जमिनीवर होता. ते डाव्या हाताने खिडकीचा गज धरून अंग वर ओढत होते. "सड…वते आहे," ते म्हणत होते, "सडवते आहे बाई." काकू स्वयंपाकघरातून पळत येईपर्यंत ते कलले. त्यांना सावरायला जवळ होती ती फक्त आई. तिने त्यांचा उजवा, लुळा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं. घर सोडा म्हणून सांगितलेली ती बाई होती, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण समोर डब्यातून पाणी गळत होतं. त्यांनी तिचा खांदा घट्ट धरला आणि म्हणाले, "चल."

ओसरीच्या पायऱ्या उतरायला किती वेळ लागला, कोण जाणे. काकू पुढे उलट्या चालत होत्या, हात पसरून. रस्ता ओलांडून ते निकमबाईंच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा आईचं ब्लाउज घामाने भिजलं होतं आणि आप्पांचे ओठ निळे पडले होते. निकमबाई बादली धरून तशाच उभ्या होत्या. आप्पांनी श्वास घेतला आणि त्यांना झापलं. भांड्यांचं पाणी घालायचं नाही. रोज घालायचं नाही. डब्याला खाली भोकं पाडा. निकमबाईंना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी आत जाऊन खिळा आणि हातोडी आणली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी काकूंना विचारलं, बाकीची रोपं कुणाकुणाकडे आहेत. काकूंनी आईला बोलावलं आणि आईने गल्लीतली घरं सांगितली. त्या संध्याकाळी ते निकमबाईंच्या शेजारच्या घरी गेले. कुणी लिली तुळशीवृंदावनात लावली होती, कुणी रोज चहाचा चोथा घालत होतं, एकीने सावलीत न्हाणीघराच्या मागे ठेवली होती. आप्पा रोज कुणाला तरी झापायला निघायचे आणि रोज थोडं लांब जायचे. दादांची तेव्हा संध्याकाळची पाळी लागली होती, काकूंना त्यांचं वजन पेलायचं नाही, मुलगा पुण्याला परत गेलेला. म्हणून रोज आईच त्यांच्या उजव्या बाजूला असायची. आप्पा तिच्याशी बोलायचे नाहीत. "डावीकडे," "थांब," "हं," एवढंच. महिना संपत आला तेव्हा दादांना अंबडला खोली मिळाली. तसं त्यांनी काकूंना सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "अहो, पण संध्याकाळी यांना कोण नेणार?" आप्पा आत पलंगावर बसून ऐकत होते. आईने त्या रात्री पोत्यातली भांडी पुन्हा फळीवर मांडली. "घर सोडा" हे शब्द आप्पांनी कधी मागे घेतले नाहीत, आमचं घर सोडायचं तेवढं राहून गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात वाफ्यातली एकही लिली फुलली नाही. आईने जिथे मोकळी जागा दिली होती तिथे रोपं नुसती पानंच पानं करत बसली होती. आप्पा आता काठी घेऊन चालत होते, पण गल्लीचे खड्डे त्यांना एकट्याला जमत नव्हते. वैशाखातल्या एका सकाळी समोरून निकमबाईंची हाक आली, "आप्पा, या बघा जरा." आई त्यांना घेऊन गेली, मीही मागे गेले. भिंतीवरच्या त्या गंजलेल्या डब्यात मुळांनी सगळी माती गिळून डब्याला फुगवलं होतं आणि पानांच्या मधून दांडा वर आला होता. त्यावर निळा गेंद, अर्धा उमललेला. आप्पा उन्हात उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्याची वाकडी बाजू हलत होती. निकमबाईंनाही काय वाटलं कुणास ठाऊक. त्यांनी दोन्ही हातांनी डबा भिंतीवरून उतरवला आणि आप्पांच्या पुढे धरला. "घ्या आप्पा. तुमचंच हाय ते. मला नुसतं गवत वाटलं व्हतं. न्या घरी."

आप्पांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, आम्ही वाट बघत उभे राहिलो. "नाही," ते म्हणाले. "हिने दिलंय. वाण… परत घेत नाहीत."

त्यांचा हात आईच्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढला नाही. आणि माझी आई, जी त्या वर्षभरात माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती, ती तिथे निकमबाईंच्या फाटकात, सगळ्या गल्लीसमोर, पदर तोंडाला लावून रडायला लागली.